गोदावरी मेटलचा साचा

१

सोमवारी सकाळी गोदावरी मेटल वर्क्सचं दार उघडलं तेव्हा प्रेस जागेवर होती, पण तिच्या पोटातला साचा गेला होता.

कुलूप शाबूत होतं. खिडक्यांचे गज शाबूत होते. साचा आवळून धरणारे बोल्ट काढून पुन्हा आपापल्या भोकांत हाताने फिरवून ठेवलेले होते. चोर मोठा टापटिपीचा म्हणायचा.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पितळेचा पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून प्रेस दाबायची, की पत्र्याची वाटोळी टाकी होते. टाकीवर बर्नर बसला, खाली पाय लागले, की झाला रॉकेलचा स्टोव्ह. साचा नाही तर टाकी नाही, आणि टाकी नाही तर सगळ्या कामगारांनी हात बांधून बसायचं. नवा साचा घडवायचा तर चांगलं पोलाद हवं. १९६३च्या जानेवारीत ते परवान्याशिवाय नजरेलाही पडत नव्हतं.

मी काही चोरी शोधायला तिथे गेले नव्हते. माझं नाव विद्या. वडील नोकरीसाठी पुण्याहून बंगलोरला आले, तेव्हापासून आम्ही मल्लेश्वरमात राहतो. मी एका सरकारी पाहणी कचेरीत होते. राजाजीनगरातला कुठला कारखाना नवा उघडला, कुठला मिटला, माणशी माल किती निघतो, हे जागेवर जाऊन बघायचं, हे माझं काम. आमचे साहेब रघुपती यांचा एक लाडका सिद्धांत होता: भिकार कारखाने बंद पडतात, चांगले उघडतात, आणि अशाने सबंध धंद्याची उत्पादकता वर चढते. ते हे इतक्या प्रसन्नपणे सांगत की बंद पडणाऱ्या कारखान्यात माणसं असतात हे ऐकणाराही विसरून जाई.

चीनच्या युद्धानंतर पितळेचा पत्रा कोट्यावर गेला होता. स्टोव्ह करणारे शहरात दोनच उरले होते, आणि खात्याने ठरवलं होतं की यापुढे कोटा एकालाच द्यायचा. माणशी माल जास्त त्याला पत्रा मिळणार. शिवाय पाहणीच्या दिवशी ज्याचं काम थांबलेलं दिसेल तो ‘बंद’ धरून सरळ बाद. कारखान्यांनी भरून पाठवलेल्या आकड्यांवरून साहेबांनी तक्ता केलाच होता. त्यात गोदावरी तळाला होती. आता फक्त शुक्रवारची पाहणी उरली होती.

रघुजी, कारखान्याचे मालक, रिकाम्या प्रेसपुढे उभे होते. मूळचे बेळगावकडचे, अंगाने थोराड, आणि त्या दिवशी अगदी गळून गेलेले.

“बाई, आज कशाला आलासा?” ते म्हणाले. “आज दाखवायला कायबी न्हाई.”

त्यांची बायको गोदूबाई मागे भिंतीशी बसली होती. कारखान्याला नाव तिचंच. बाहेर जाणारा प्रत्येक स्टोव्ह ती स्वतः पेटवून बघे, आणि ज्योत निळी झाली नाही तर परत पाठवी. आमच्या स्वयंपाकघरात गोदावरीचाच स्टोव्ह होता, आणि तो एकदाही भडकला नव्हता. त्या कारखान्याला तळाला टाकणाऱ्या तक्त्याचा मला आधीपासूनच राग होता.

“किल्ल्या तीन,” गोदूबाई म्हणाली. “एक ह्यांच्याकडं, एक आप्पाजी मिस्त्रीकडं, एक माझ्या भावाकडं. पोलिसात गेलं तर ते आधी मिस्त्रीला बडवणार, आन साचा काय शुक्रवारच्या आत मिळायचा न्हाई. तुमी कारखाने हिंडतासा. कुठं काय चाललंय तुमाला दिसतंय. शोधून द्या.”

“माझं ते काम नाही हो, गोदूबाई.”

“मग कुणाचं हाय ते सांगा.”

ती उठून माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “चोर आमच्याच ताटात जेवलेला हाय, बाई.”

२

आप्पाजी मिस्त्री फाटकाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. रघुजींनी त्यांना आत यायला बंदी केली होती. साचा त्यांनीच घडवला होता, आणि तो उतरवण्याचं कसबही त्यांचंच, त्यामुळे संशयाला दुसरं घर शोधावं लागलं नव्हतं. त्यातून समोरच्या रस्त्यावरच्या विश्वासरावांनी, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या स्टोव्हवाल्यांनी, त्यांना दसऱ्याच्या सुमारास जास्त पगारावर बोलावलं होतं. ही गोष्ट वसाहतीतल्या चहावाल्यालाही ठाऊक होती.

“गेला का नाहीत?” मी विचारलं.

“त्येंचं बोलणं लई गोड. मला गोड सोसत न्हाई.”

त्यांच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. डब्यात रॉकेल, आणि रॉकेलात तळाशी हाताच्या तळव्याएवढी पोलादी चकती.

“हे काय?”

“साच्याच्या बुडाची चकती. दाबलेली टाकी साच्यात गच्च बसती. ही खालनं ढकलती तवा वर येती. काम संपलं की काढून रॉकेलात ठेवायची, गंज लागू न्हाई म्हणून. गणपतीच्या तसबिरीखाली असती रोज.” त्यांनी झाकण लावलं. “चोरानं एवढीच ठेवली. मी उचलून आणली. काय करू तिथं ठेवून?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चोराच्याही डोळ्यांत पाणी येऊ शकतं. मी आत गेले.

कचेरीत कृष्णात बसला होता, गोदूबाईचा धाकटा भाऊ. विक्री, वाहतूक, भंगार, सगळं त्याच्याकडे. रघुजींनी त्याला भागीदार करून घेतलं होतं, कारण आईच्या मागे गोदूबाईनेच त्याला वाढवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघायची सवय.

“विद्याबाई, चोर बाहेर मोरीवर बसलाय. अजून काय शोधायचं?” तो म्हणाला. “दाजी भोळे आहेत. ह्या मिस्त्रीनं निम्म्या टाक्या नासवल्या. पत्रा घेतो तेवढा घेतो, आणि निम्मा माल भंगारात जातो. म्हणून तर तुमच्या तक्त्यात आम्ही तळाला.”

“तक्ता तुम्ही कुठे पाहिलात?”

“साहेबांच्या टेबलावर होता की. सगळ्यांनाच दिसतो.”

ते खोटं नव्हतं. साहेबांच्या टेबलावरचं सगळं सगळ्यांना दिसे.

मागच्या दाराशी बैलगाडी उभी होती. हमाल टोपल्या चढवत होते. “गेल्या आठवड्याचा नासका माल,” कृष्णात म्हणाला. “भंगारवाल्याकडे चाललाय.” टोपल्यांच्या तोंडातून भाताचा पेंढा बाहेर आला होता, आणि हमाल एकेक टोपली जपून ठेवत होते. एकाची टोपली जरा आपटली तर कृष्णात बसल्या जागेवरून ओरडला, “ए, मेल्ले, मेल्ले!” कानडीत, हळू म्हणून. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

“खरी उत्पादकता बघायची असेल तर विश्वासरावांकडे जा,” तो मला दारापर्यंत सोडायला येत म्हणाला. “चारदोन माणसं, आणि माल बघाल तर ढीगच्या ढीग. त्यांच्याकडे साचाही स्वतःचा आहे, त्यामुळे चोरीचा आळ तिकडे घेऊन जाऊ नका.”

मी विचारलंही नव्हतं, तरी त्याने विश्वासरावांचा वकील व्हायची घाई केली. मी तडक तिकडेच गेले.

३

विश्वास इंडस्ट्रीजचा कारखाना इतका स्वच्छ होता की तिथे चप्पल काढावी असं वाटलं. विश्वासराव मुंबईकडचे, अंगात पांढरा बुशकोट, कपाळावर बारीक गंध. परवाना, कर्ज, परदेशी यंत्र, सगळं त्यांनी एका वर्षात मिळवलं होतं.

“या, या, मॅडम! संक्रांतीला आलात, आधी तोंड गोड करा.” त्यांनी एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इकडच्या तिळगुळाची, पुडी पुढे केली. “गोदावरीचं ऐकून फार वाईट वाटलं हो. जुना माणूस. पण काळाबरोबर राहायचं तर जुन्याने बाजूला व्हायला नको का?”

बाकावर तीनचार माणसं बसून टाक्यांवर बर्नर पिळत होती आणि लेबलं चिकटवत होती. भिंतीला तयार स्टोव्हची चळत होती. मधोमध ती प्रेस, हिरवीगार, जर्मन. गोदावरीच्या प्रेसपाशी तेलाचा चिखल आणि पितळेच्या कातरणांचा खच असे. इथे फरशी आरशासारखी होती.

“सगळी हिची किमया,” विश्वासराव म्हणाले. “हिला माणसं लागत नाहीत. म्हणून तर तुमच्या तक्त्यात आम्ही वर.”

“आज थांबलीय?”

“आज जरा तेलपाणी चाललंय. एरवी उसंत नाही तिला.”

प्रेसवर आयुधपूजेची खूण अजून होती. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो, तशी इथे प्रत्येक कारखान्यात यंत्रं पुजतात: विभूतीची तीन बोटं, मधे कुंकवाचा टिळा, झेंडू, आणि दारात फोडलेला कोहळा. इथे विभूतीचे पट्टे चांगले हातभर ओढले होते. प्रेसच्या डाव्या खांबापासून निघून, मधला खालीवर सरकणारा जाड ठोकळा ओलांडून, उजव्या खांबापर्यंत. टिळा बरोबर ठोकळा आणि खांब यांच्या सांध्यावर होता. वाळून खडखडीत झालेला, पण अखंड.

“पूजा थाटात झालेली दिसते,” मी म्हटलं.

“थाटात म्हणजे? माझ्या हातांनी केली! आणि देवीची कृपा बघा, मॅडम, दसऱ्याला पहिला पत्रा घातला, तेव्हापासून ही एक दिवस थांबलेली नाही.”

मी त्या पट्ट्यांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग एळ्ळु-बेल्लाची पुडी पर्समध्ये टाकली आणि नमस्कार करून निघाले. विश्वासरावांनी माझ्या तोंडावर धडधडीत थाप मारली होती, आणि ती थाप आहे याचा पुरावा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

४

दुसऱ्या दिवशी मी चिकपेटला गेले. तिथल्या गल्लीत माणूस चालत नाही, त्याला गर्दी पुढे नेते. शिवाप्पांच्या दुकानात भांडी, कंदील, स्टोव्ह छतापर्यंत रचलेले असत. माझी आई सगळं पितळ त्यांच्याकडून घेई, म्हणून ते मला लहानपणापासून ओळखत.

“शिवाप्पा, एक गोदावरीचा द्या, एक विश्वासचा द्या. तुलना करायची आहे.”

“विश्वासचा छान जातोय, अम्मा. लेबल चांगलं आहे.”

मी दोन्ही स्टोव्ह उजेडात नेऊन उलटे केले. गोदावरीच्या टाकीला बुडाशी नखाने ओढावा तसा एक बारीक चरा होता. तो मला पाठ होता. आमच्या घरच्या स्टोव्हलाही होता, आणि आई दर दिवाळीला तो चिंचेने घासून घालवायचा प्रयत्न करी. साच्यालाच तिथे खरवड होती, त्यामुळे त्यातून निघालेली प्रत्येक टाकी ती खूण घेऊन बाहेर पडे.

विश्वासच्या टाकीलाही तोच चरा होता. त्याच जागी, त्याच तिरकेपणाने.

“स्वल्प हळू, अम्मा, पॉलिश जातंय,” शिवाप्पा कुरकुरले.

“हे विश्वासचे स्टोव्ह नवे आलेत का?”

“नवे कुठले, दसऱ्याच्या आधीपासून विकतोय.”

म्हणजे साचा गेला परवाच्या रविवारी, आणि त्यातून निघालेल्या टाक्या विश्वासचं लेबल लावून पावसाळ्यापासून बाजारात होत्या. मी स्टोव्ह खाली ठेवले. शिवाप्पांना वाटलं गिऱ्हाईक हातचं जातंय. ते जवळ सरकून म्हणाले, “कुणाला पत्रा पाहिजे असला तर सांगा. पितळेचा, कोरा. विश्वासरावांकडून येतो. भाव जरा वरचा आहे.”

“परवान्याचा पत्रा? विकायला?”

शिवाप्पांना आठवलं मी कुठे नोकरी करते ते. “सरी, सरी,” ते घाईने म्हणाले, “मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही,” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मला आता कसं झालं ते कळलं होतं. कोण, ते कळायला फक्त बैलगाडीतला पेंढा आठवायचा होता. तो जटक्यात बसल्यावर आठवला, आणि मी इतक्या मोठ्याने “अगं बाई!” म्हणाले की जटकेवाल्याने घोडा थांबवला.

५

गुरुवारी सकाळी गोदावरीच्या कचेरीत आम्ही पाच जण होतो. रघुजी, गोदूबाई, कृष्णात, मी, आणि माझ्या आग्रहावरून आत घेतलेले आप्पाजी. डबा त्यांच्या हातात होता.

“आधी विश्वासराव,” मी म्हटलं. “त्यांची प्रेस आयुधपूजेपासून एकदाही खाली आलेली नाही.”

“तुमाला कसं म्हाईत?” रघुजींनी विचारलं.

“पूजेचे पट्टे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सलग आहेत, मधल्या ठोकळ्यावरून. ठोकळा एकदा जरी सरकला असता तर पट्टे तुटले असते, टिळा तेलात गेला असता. तुमच्या प्रेसवर पूजेची खूण दुसऱ्या दिवशी तरी उरते का?”

“सकाळच्या चहापातूर जाती,” आप्पाजी म्हणाले.

“विश्वासरावांनी फरशी पुसली, काच पुसली. तेवढे पट्टे पुसले असते तर मला काही कळलं नसतं. पण देवीला लावलेलं कुंकू आपल्या हाताने कोण पुसतं? तो माणूस खात्याला फसवतो, बँकेला फसवतो, पण कुंकवाला फडका लावायची त्याची हिंमत झाली नाही. यंत्र चाललं की ते आपोआप जातं, म्हणून कुणी पुसतही नाही. त्यांचं यंत्र चाललंच नाही.”

गोदूबाईने नकळत कपाळाला हात लावला.

“मग त्यांच्या टाक्या येतात कुठून? इथून. बुडाचा चरा तोच आहे, मी चिकपेटला पाहिला. ते स्वतःच्या कोट्याचा पत्रा काळ्या बाजारात विकतात आणि तुमच्या टाक्यांवर बर्नर बसवून लेबल लावतात. पत्रा दाबायची मेहनत इथे, कामगार इथे, आणि माल त्यांच्या नावावर. म्हणून तक्त्यात त्यांची चारदोन माणसं ढीगभर माल काढताना दिसतात, आणि तुमची एवढी माणसं निम्मा माल नासवताना दिसतात.”

“निम्मा माल नासतोच की!” रघुजी चिडून आप्पाजींकडे वळले. “भंगारात जातोय, रोज बघतोय मी.”

“भंगार जाताना तुम्ही बघता, रघुजी, पण टोपलीत हात घालून कधी पाहिलंत? सोमवारी मी गाडी भरताना पाहिली. प्रत्येक टोपलीत भाताचा पेंढा होता, आणि टोपली आपटली म्हणून हमालाला ओरडा बसला. फुटका माल पेंढ्यात कोण गुंडाळतं? भंगार फेकतात. पेंढा लागतो चांगल्या मालाला, ओरखडा पडू नये म्हणून.”

कृष्णात खिडकीबाहेर बघत होता.

“राहिला साचा. तो नेणाऱ्याकडे किल्ली होती. बोल्ट कसे काढायचे हे त्याने रोज पाहिलं होतं, पण प्रेसवर काम कधी केलं नव्हतं. कारण त्याने चकती नेली नाही. ती गणपतीखाली डब्यात होती, त्याच खोलीत. आप्पाजी ती विसरणं शक्य नाही. तिच्याशिवाय पहिलीच टाकी साच्यात अडकून बसते. रघुजी, तुम्हीही विसरला नसतात. विसरला तो कचेरीत बसणारा माणूस. नासका माल कुठला हे ठरवणारा आणि गाडी भरून देणारा.”

गोदूबाई शांतपणे भावाकडे वळली.

“तम्मा,” ती म्हणाली. “खरं?”

कृष्णातने घड्याळाशी चाळा केला. मग तो बोलला, आणि त्याच्या आवाजात पश्चात्ताप औषधालाही नव्हता.

“अक्का, हा कारखाना मरणारच होता. तक्त्यात लिहिलंय! मी फक्त बुडण्याआधी उतरलो. विश्वासराव भागीदारी देतायत. इथं मी कोण होतो? दाजींचा मेहुणा.”

“तक्त्यात लिहिलं होतं ते तुमच्या गाड्यांमुळे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही. “तुम्ही माल चोरलात म्हणून कारखाना तळाला गेला. आणि तळाला गेला म्हणून तुम्ही साचा चोरलात!”

“ते तुमच्या साहेबांना सांगा,” कृष्णात म्हणाला. “आकडे त्यांनी मांडले.”

गोदूबाई उठली. कोनाड्यात कृष्णातचा जेवणाचा डबा होता, रोज सकाळी तीच भरून देई. तिने तो उचलला, दाराबाहेर नेऊन पायरीवर ठेवला आणि परत आली.

“पोलिसात जाऊया,” ती नवऱ्याला म्हणाली. “माझा भाऊ म्हणून थांबू नगा. आज गेलं तर उद्या सकाळी साचा मिळंल.”

रघुजींनी खुंटीवरची टोपी घेतली. मला वाटलं, सुटला कारखाना.

६

फौजदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: कृष्णात भागीदार आहे ना? मग साचा त्याच्याही मालकीचा. आपली वस्तू आपण नेली तर चोरी कसली? घरचं भांडण आहे, दिवाणी कोर्टात जा. विश्वासरावांनी तर साचा कृष्णातकडून रीतसर विकत घेतल्याचं आधीच सांगून टाकलं होतं, आणि फौजदाराला एळ्ळु-बेल्लाची पुडीही पोचली होती. ती त्याच्या टेबलावर होती.

दिवाणी कोर्टाला वर्षं लागतात, आणि आमच्या हातात उरलेली दुपार होती.

मी तडक रघुपती साहेबांकडे गेले. त्यांनी कौतुकाने ऐकलं. खरंच कौतुकाने, कारण ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला इतका संताप आला नसता.

“फार हुशारीचं काम, विद्या. पण अहवालात काय लिहू? कुंकू लिहू? पेंढा लिहू?”

“प्रेस खोटी आहे असं लिहा. स्वतः येऊन बघा, साहेब, वीस मिनिटांचा रस्ता आहे.”

“प्रेस बसवलेली आहे, तिची क्षमता कागदावर आहे, माल बाजारात आहे. उद्या गोदावरी चालू असेल तर मी नक्की फेरविचार करीन.”

“साचा चोरीला गेलाय, चालू कशी असेल?”

“मग बंद,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

शुक्रवारी पाहणीची मंडळी आली. गोदावरीचे कामगार धुतलेले कपडे घालून आपापल्या जागी उभे होते. रघुजींनी प्रेस सुरू केली. ती मोकळीच खालीवर होत राहिली, पोटात काही नसताना. मंडळींनी दारातूनच पाहिलं आणि एकाने कागदावर खूण केली. विश्वासरावांकडे कॉफी झाली. प्रेस चालवून दाखवा असं कुणी म्हटलं नाही. मी म्हटलं. विश्वासराव हसून म्हणाले, आज दिवस चांगला नाही, मॅडम, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

उन्हाळ्यापर्यंत गोदावरीचं फाटक कायमचं बंद झालं. कामगार पांगले, काही गावी गेले. आमचा वार्षिक अहवाल निघाला. त्यात स्टोव्हच्या धंद्याबद्दल एक परिच्छेद होता: एक कमी उत्पादकतेचा कारखाना बाहेर पडला, एका जास्त उत्पादकतेच्या नव्या कारखान्याने त्याची जागा घेतली, आणि परिणामी धंद्याची सरासरी उत्पादकता लक्षणीय वाढली. गणित बिनचूक होतं. मी तीनदा तपासलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर खात्याने विश्वास इंडस्ट्रीजला उत्पादकतेची ढाल दिली. समारंभाला मला जावं लागलं. ढाल देताना टाळ्या चालल्या होत्या तेव्हा मी प्रेसपाशी जाऊन उभी राहिले. गेल्या वर्षीच्या पट्ट्यांवरूनच नवी विभूती ओढली होती. जुन्या टिळ्यावर नवा टिळा होता, जरा मोठा. विश्वासचे स्टोव्ह आता मद्रासहून आणलेल्या टाक्यांवर जोडले जात. त्यांची ज्योत पिवळी पडते अशी शिवाप्पांची गिऱ्हाइकं तक्रार करीत.

कृष्णात भागीदार झाला नव्हता. तो विश्वासरावांच्या दारात पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत उभा होता. त्याने मला ओळख दिली नाही.

परत येताना मी आप्पाजींच्या घरी गेले. गोदूबाई तिथे भेटली. मिस्त्रींची सून बाळंत झाली होती, म्हणून गोदूबाई डिंकाचे लाडू घेऊन आली होती. रघुजी बेळगावला भावाच्या शेतावर गेले होते, ती मागे राहून घर आवरत होती. आप्पाजींना अजून काम नव्हतं. मी त्यांना विचारलं, विश्वासरावांचं बोलावणं पुन्हा आलं नाही का?

“आलं की. दोनदा,” ते म्हणाले. “साचा हाय त्येंच्याकडं, पण चकती न्हाई. मागाल ते देतो म्हणाले.”

“मग?”

गोदूबाईने माझ्यासाठी त्यांच्या घरातला गोदावरीचा स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. ज्योत निळी झाली तरी ती वाकून बघत राहिली, परत पाठवायचा की नाही ते ठरवावं तशी.

आप्पाजींनी देव्हाऱ्याखालून डबा काढला, झाकण उघडून आत पाहिलं, आणि बाटलीतलं थोडं ताजं रॉकेल त्यात ओतलं.

“गंज लागू न्हाई म्हणून,” ते म्हणाले, आणि डबा परत जागेवर ठेवला.